देवळाच्या चौकाला नाट्यगृह म्हणायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून राग आला, हे लपवत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या लेखाचं शीर्षक ‘गोव्याची जुनी नाट्यगृहं’, आणि आत अर्धा लेख फोंड्याच्या देवळांवर, उरलेला मुंबईवर. गोव्यात मराठी नाटकासाठी भव्य नाट्यगृह नव्हतंच, तर ‘देवळाच्या चौकाला रंगमंदिर म्हणून फुगवू नका’. शिवाय तियात्र, म्हणजे गोवेकरांचं कोकणी गाण्यांचं नाटक, एका ओळीत उरकलं आणि पणजीच्या कला अकादमीचं साल चुकवलं.

सालाचं आधी. चूक माझीच. १९७० हे संस्थेच्या स्थापनेचं वर्ष. कांपालची, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची इमारत पुरी व्हायला १९८३ उजाडलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

वास्तूचं म्हणाल तर तेही मान्य. मुंबईत जगन्नाथ शंकरशेटांच्या पुढाकारानं १८४६ साली ग्रँट रोडला थिएटर उभं राहिलं आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिथं खेळ लावले. आमच्याकडे मराठी नाटकाला तसं घर नव्हतं. गंमत बघा, कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या थिएटरातले सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवले. बांधायचं राहून गेलेलं नाट्यगृह आम्ही रंगात उभं केलं, असं तिथं बसल्यावर मला नेहमी वाटायचं.

पण म्हणून नाटकं झाली नाहीत का? इथं मात्र मी मागे हटत नाही. आमच्या गावच्या देवळाचा रंगमंच म्हणजे चिऱ्याचा छातीएवढा उंच ओटा. मागे एकच रंगवलेला पडदा, राजवाड्याचा. शिवाजीमहाराजही त्याच्यापुढे आणि सामाजिक नाटकातला कर्जबाजारी कारकूनही त्याच्याचपुढे. रंगपट अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या आवारातल्या खोल्यांत. दर्शनी पडद्याची दोरी ओढायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. अंकाच्या शेवटी प्रॉम्प्टर पायानं माझ्या पोटरीला टोचायचा, तीच खूण. एकदा डुलकी लागली आणि मेलेला बाजीराव बराच वेळ लोकांसमोर पडून राहिला. शेवटी वैतागून स्वतःच उठून आत गेला. बाया पुढे चटया टाकून संध्याकाळपासूनच जागा धरत, दुकानांत खाजें (गूळ-बेसनाचा खाऊ) मिळे, आणि नांदी व्हायला रात्रीचे अकरा वाजले तरी कोणी कुरकुर करत नसे. काम करणारा आपल्याच वाड्यावरचा असल्यामुळे पाठ चुकला की खालून कोणीतरी वाक्य पुरवायचं. पोर्तुगीज अमलात तर संहिता आधी सरकारात दाखवून परवाना काढावा लागे. तरीही उत्सवाचं नाटक होई.

या मांडवांतून कोण बाहेर पडलं ते पाहा. दीनानाथ मंगेशकर फोंड्याजवळच्या मंगेशीचे. १९१८ मध्ये त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली. जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच, गायक-नट रामदास कामतही गोव्याचेच. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ या संगीत नाटकाला अभिषेकींचं संगीत आणि निर्मिती मुंबईत १९१९ पासून असलेल्या धी गोवा हिंदु असोसिएशनची. ‘नटसम्राट’ही त्यांचंच, १९७० चं. लेखात मुंबई एवढी आली ती यामुळे. माणसं इथली, तिकीटखिडकी तिथली.

आणि बायकांचा मुद्दा तर मी लेखात विसरलोच, तुमच्याही नजरेतून सुटला. महाराष्ट्रात बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते त्याच काळात कुर्डीची मोगूबाई ही पोर चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत होती, पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली. तीच पुढे जयपूर घराण्याची गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. गोव्यातल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी रंगभूमीला काय दिलं, यावर वेगळा लेख लिहायला हवा.

तियात्राबद्दल मात्र तुम्ही कान धरलात ते बरं केलं. कोकणी नाटक म्हणून मी त्याला कडेला ठेवलं, ही माझी जुनी खोड. लुकासिन्हो रिबेरो हा बार्देशचा माणूस मुंबईत इटालियन ऑपेराच्या मंडळीत पडद्यामागचं काम करत होता. (दोरी ओढणाऱ्यांबद्दल मला जरा जास्तच माया आहे.) त्यानं आणि मडगावच्या जुआंव आगुस्तिन फेर्नांदिस यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र उभा केला, तोही मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात. म्हणजे तियात्राचाही जन्म गोव्याबाहेरच्या भाड्याच्या थिएटरातला. १९०४ मध्ये फेर्नांदिस यांची बायको रेजिना स्वतः मंचावर आली. मराठी संगीत नाटकातली कितीतरी नामांकित मंडळ्या तेव्हा अजून पुरुषांनाच लुगडी नेसवत होती.

शीर्षक बदलतोय. ‘गोव्याची जुनी नाट्यगृहं’ऐवजी ‘गोव्यात नाटक कुठं कुठं झालं’. मग देऊळही येईल, ग्रँट रोडही, आणि तुमची हरकतही उरणार नाही. कुर्डीचंही त्यात घालणार आहे. साळावली धरणानं ते गाव गिळलं, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ वर येतं आणि मे महिन्यात जुने गावकरी तिथं जमतात. यंदा जायचं म्हणतोय. तुम्ही गोव्यात असलात तर कळवा, माझ्या गाडीत एक जागा रिकामी आहे.