ब्रँच कशी निवडावी (मामांच्या मार्गदर्शनासह)

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी-एमएसला जायच्या प्रवेश परीक्षेचा, रँक आला का? अभिनंदन. ब्रँचच्या पसंतीची यादी म्हणजे चॉइस लॉक करायच्या आधी दहा मिनिटं बसा, फुकट सल्ला देतो. फुकट सल्ल्याची सवय आत्ताच लावून घ्या, पुढे लग्नात पानावर बसलात की शेजारचे काका खिशातून शुगरचा रिपोर्ट काढतात.

सगळ्यात आधी, आवड वगैरे भानगडीत पडू नका. इंटर्नशिपला लेबर रूममध्ये पहिलं बाळ हातात आल्यावर तुम्हाला जे भरून आलं होतं ना, ते वय होतं, जातं ते. ब्रँच तुम्ही निवडत नाही, रँक निवडतो, तुम्ही नुसते माऊस धरून बसता. तरी निवडल्यासारखं वाटावं म्हणून एक एक्सेल शीट करा, त्यात पैसा, लाइफ आणि स्कोप असे तीन कॉलम पाडा, हिरवे-लाल रंग भरा. स्कोपचा कॉलम मात्र रिकामा सोडायचा, तो मामा भरतात.

प्रत्येक घरात एक मामा असतातच. आमचे म्हणाले होते, "डॉक्टर कधी उपाशी मरत नाही." हे २०१७ साल. मला काठावर का होईना, रेडिओलॉजी मिळत होती. पण नेमका तेव्हा पुण्याचा मावसभाऊ घरी आलेला, सॉफ्टवेअरवाला, त्याने सांगितलं की अरे तो जेफ्री हिंटन म्हणून एआयमधला बाप माणूस आहे, त्याने २०१६ मध्येच सांगून टाकलंय की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा भारी रिपोर्ट देणार. मामा म्हणाले, ऐक त्याचं, त्याला कळतं त्यातलं. मी ऐकलं. २०२४ मध्ये हिंटनसाहेबांना नोबेल मिळालं, फिजिक्सचं, आणि रेडिओलॉजीच्या जागा आजही पहिल्या झटक्यात संपतात. मावसभाऊ मागच्या वर्षी लेऑफमध्ये घरी बसला. मी काही बोललो नाही, नुसता पेढे घेऊन भेटायला गेलो.

तर मी घेतली चेस्ट. म्हणजे पल्मनरी मेडिसिन, म्हणजे आमच्या आत्याच्या भाषेत "टीबीचा डॉक्टर". स्थळं बघताना आई "छातीचा स्पेशालिस्ट" असं मोघम सांगायची, पलीकडच्यांना वाटायचं हार्टचा, आम्ही दुरुस्त करायचो नाही. आणि मग आलं २०२०. मी थर्ड इयरला, परीक्षा पुढे ढकललेली, पीपीई किटमध्ये घाम ग्लोव्हजच्या बोटांत साचून चप चप वाजतोय, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, आणि त्या पिशवीत मामांचा फोन: "अरे, आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाठी एक ऑक्सिजन बेड बघ ना." त्या वर्षी सगळे म्हणायचे, काय दूरदृष्टी पोराची! दोनच वर्षांत मी परत टीबीचा झालो. तर माझा अनुभवसिद्ध सल्ला असा की एखादी महामारी कधी येणार हे बघूनच ब्रँच घ्यावी.

बाकीच्या ब्रँचेसचं पटकन सांगतो. गायनॅक घ्या, झोप नाहीतरी ओव्हररेटेड असते. स्किन घ्या, फक्त लेझर मशीनचा हप्ता भरायला वडिलांची जमीन आहे का ते आधी बघा, कारण कोपऱ्यावरच्या ब्युटी पार्लरवाल्या ताईंशी स्पर्धा आहे आणि त्यांना एमडी करावी लागत नाही. भूल घ्या, म्हणजे सकाळी एका नर्सिंग होमला, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या, आणि पेशंट शुद्धीवर आला की विचारतो डॉक्टर कुठेत. रेडिओलॉजी मिळाली तर डोळे झाकून घ्या, पण सोनोग्राफी मशीन घेताना १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा पाठ करा, फॉर्म एफमधला एक रकाना चुकून रिकामा राहिला तरी सील लागू शकतं. अॅनाटॉमी घ्या, पेशंट कधीच तक्रार करत नाहीत.

नोकरीची काळजी तर करूच नका. सरकारला तुमची इतकी गरज आहे, इतकी गरज आहे की महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून पीजी केल्यावर एक वर्ष बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, केला नाही तर ५० लाख मागतात. (एमबीबीएसला १० लाख, सुपरस्पेशालिटीला २ कोटी. प्रेम वाढत जातं.) आणि बाँड संपला की हीच गरज १२० दिवसांच्या कंत्राटी ऑर्डरवर येते.

मी गेलोय त्या कंत्राटी पोस्टच्या वॉक-इन मुलाखतीला. कॉलेजचं नाव राहू द्या. जागा दोन, बाकावर आम्ही एकोणीस. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल, झेरॉक्सचे दोन सेट, लॅमिनेट केलेली पदवी, आणि क्लार्क बाहेर येऊन विचारतो, "लॅमिनेशन का केलं? शिक्का कुठे मारू आता?" माझ्या शेजारी एक सर होते, केस पांढरे व्हायला लागलेले, त्याच पोस्टवर, तिसऱ्यांदा ऑर्डर रिन्यू करायला आलेले. त्यांनी डब्यातली पोळीभाजी माझ्यापुढे केली आणि म्हणाले, घे, तीन वाजल्याशिवाय नंबर लागत नाही. पाच वाजता लागला. आत चार मिनिटं, त्यातली दोन लॅमिनेशनवर.

तरी घाबरायचं कारण नाही, जागा भरपूर आहेत. म्हणजे शिकायच्या. देशात पीजीच्या जागा २०१४ आधी ३१,१८५ होत्या, आता सत्तर हजारांच्या वर गेल्यात. आपल्या महाराष्ट्रात तर ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी दहा नव्या सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं. एवढं करूनही काही ब्रँचेस रिकाम्या राहतात म्हणून २०२३ मध्ये कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणलं, परीक्षेला बसलात म्हणजे पात्र, असं झालं. मार्क मायनसमध्ये असले तरी त्या वर्षी चालले, चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो ना. आणि शिकवायला लोक कुठून येणार असं विचारू नका, कागदावरचे प्राध्यापक इन्स्पेक्शनच्या दिवशी आधी यायचेच, आता २०२५ पासून चेहरा दाखवून हजेरी लावावी लागते म्हणून जरा पंचाईत झालीये बिचाऱ्यांची.

काल रात्री पावणेबाराला चुलत बहिणीचा फोन आला. बाराला चॉइस लॉक होणार होते. "दादा, चेस्ट वर टाकू का पॅथॉलॉजी? कशाला स्कोप आहे?" तिच्यामागे काकू बोलत होत्या, काका बोलत होते, टीव्ही चालू होता. मी म्हटलं, तुला काय आवडतं? पलीकडे सगळे एकदम गप्प झाले, टीव्हीसुद्धा कुणीतरी म्यूट केला. मग ती म्हणाली, "दादा प्लीज, पंधरा मिनिटं राहिलीत, मस्करी नको ना."

मी मामांचा नंबर पाठवला.