‘वाट पाहण्याखेरीज काय केले?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आईच्या आठवणींवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. लेख भावनेच्या भरात लिहिला आहे, तो निम्मा करता आला असता, त्यात तिचे नाव एकदाही येत नाही आणि सैनिकांच्या पत्नींचे असे गौरवीकरण त्यांच्यावरील अन्याय झाकते, असे आपले म्हणणे आहे. या सगळ्याच्या मध्यभागी आपले ते वाक्य आहे : ‘आपल्या आईने आयुष्यभर वाट पाहण्याखेरीज काय केले, हे शेवटपर्यंत कळत नाही.’

लांबीविषयी आपले म्हणणे मान्य करते. गावाहून ठाण्याला बिऱ्हाड हलवल्याचा भाग आटोपशीर करता आला असता. परंतु जिला जाऊन अजून वर्षही झालेले नाही, तिच्याविषयी तिच्या मुलीला हा प्रश्न विचारण्याआधी सहानुभूतीचे एक वाक्य लिहावे, ही रीत आपल्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. आपले मराठी स्वच्छ आहे, त्यामुळे शब्द नकळत निसटले असे म्हणण्याचीही सोय आपण ठेवलेली नाही.

तिने काय केले, ते सांगते. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. फील्ड पोस्टिंगवर कुटुंब नेता येत नसे, म्हणून लग्नानंतरची बरीच वर्षे आई सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी सासूसासरे, दोन मुले आणि जमीन यांच्यासह राहिली. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. तिच्या कुपनावर मजकुरासाठी जी इवलीशी जागा असते, तेवढ्यात वडील दोन ओळी लिहीत, आणि त्या दोन ओळींपलीकडचा प्रत्येक निर्णय आईचा असे. बियाणे कधी घ्यायचे, सासऱ्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन कुठे करायचे, मला पाचवीनंतर तालुक्याच्या शाळेत पाठवायचे की नाही, हे तिने ठरवले. मी पुढे शिक्षिका झाले ती त्या शेवटच्या निर्णयामुळे, आणि तो घेताना घरातील एकही पुरुष तिच्या बाजूने नव्हता.

जमिनीचे प्रकरण लेखात मी एका ओळीत आटोपले होते. आपण विचारलेच आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. सैन्यात असलेल्या जमीनमालकांसाठी त्या कायद्यात पुढे वेगळी तरतूद झाली, पण ती गावात कोणाला ठाऊक नव्हती आणि सांगायलाही कोणी आले नाही. आई व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, पास होती. तिने तलाठ्याकडून सातबाऱ्याचे उतारे काढले, पलटणीला पत्र लिहून वडिलांच्या नोकरीचा दाखला मागवला, कमांडिंग ऑफिसरांचे जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जाईल अशी व्यवस्था केली आणि डोक्यावरचा पदर ढळू न देता मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात तारखांमागून तारखांना बसली. थोडी जमीन परत मिळाली, थोडी कुळाकडे राहिली. त्या कुळाच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणे तिने त्या काळातही सोडले नाही, आणि याचा मला जमीन मिळाल्याहून अधिक अभिमान आहे.

आता वाट पाहण्याविषयी. 1971 मध्ये वडील पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. पलटण कुठे आहे हे पत्रात लिहिण्याची मुभा नव्हती. पत्त्यात 56 एपीओ या लष्करी टपाल कार्यालयाच्या जागी पूर्वेकडचे 99 एपीओ आले, तेव्हा आईने ते पूर्वेकडे गेल्याचे ओळखले आणि घरात कोणालाही सांगितले नाही, कारण सासूबाईंचा रक्तदाब वाढलेला होता. 3 डिसेंबरला युद्ध पेटले. 11 तारखेला पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, जमालपूर पडले, 16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली, आणि वडील जमालपूरच्या लढाईत होते हे आम्हाला महिना संपता संपता आलेल्या पत्रातून समजले. मधल्या दिवसांत आई काय करत होती, हे मी पाहिलेले आहे. आमच्या आळीत ज्यांचे नवरे सैन्यात होते अशा आणखी बायका होत्या, त्यांतील बहुतेकींना वाचता येत नव्हते. त्यांची पत्रे आई वाचून दाखवी आणि उत्तरेही तीच लिही. त्या महिन्यात एका घरी तार आली, तेव्हा पोस्टमन ती घेऊन आधी आमच्या दारात उभा राहिला, कारण ती वाचणार कोण हे त्याला माहीत होते. आई त्या घरी गेली, तिने तार वाचून दाखवली आणि रात्री तिथेच राहिली. त्या बाईचे पेन्शनचे पहिले कागदही तिनेच भरले. आपण याला वाट पाहणे म्हणत असाल तर म्हणा, पण ती कशी पाहिली जाते याचा अनुभव आपल्याला नाही, हे आपल्या वाक्यावरून स्पष्ट दिसते.

वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात सुरक्षा खात्यात लागले, आणि आम्ही कोपरीला राहायला आलो. त्यांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले, पण काही वर्षांनी कागदांवरील नावांच्या फरकावरून एका बँकेच्या शाखेने ते अडवले. सेवा नोंदीत तिचे माहेरचे नाव होते, आधार कार्डावर सासरचे. मी रजा घेते म्हटले तर तिने घेऊ दिली नाही. प्रतिज्ञापत्र, लग्नाची पार्ट टू ऑर्डर म्हणजे पलटणीच्या दप्तरातील लग्नाची नोंद, पीपीओची म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत असे सारे कागद पिशवीत घालून ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रिक्षाने स्वतः गेली, आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसातून नाव दुरुस्त होऊन येईपर्यंत पत्रे लिहीत राहिली. तेव्हा तिची सत्तरी उलटलेली होती.

आपल्याला एखादे मोठे कर्तृत्वच हवे असेल, तर परमवीर चक्राचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीनेच केलेले आहे. माझ्या आईने असे काही केले नाही. तसे केले असते तरच तिचे आयुष्य लिहिण्याजोगे ठरले असते, हे मला मुळीच मान्य नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. लेख भावनेने लिहिला आहे, कारण तो आईवर आहे. नाव न देण्याचा निर्णय आम्हा भावंडांचा आहे आणि त्यासाठी कोणाची संमती घ्यायची नव्हती. अन्यायाचा विषय मोठा आहे, त्यावर आपण अवश्य स्वतंत्र लिहावे. माझ्या आईच्या लेखाखाली तो मांडण्याचे कारण मला दिसत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढे लिहायचे असेल, तर जमिनीच्या प्रकरणाविषयी, त्या तारेविषयी किंवा पेन्शनच्या कागदांविषयी विचारा, मला माहीत आहे ते सगळे सांगेन. मात्र तिने ‘काय केले’ हा प्रश्न पुन्हा त्याच शब्दांत आला, तर त्याला मी उत्तर देणार नाही.