हात वर केला नाही

सकाळपासून डोकं फिरलंय. नेमकं कोणावर ते लिहिता लिहिता कळेल.

महाराष्ट्र दिन म्हणून आज सोसायटीत झेंडावंदन होतं. राज्यगीत झालं, वडापाव झाले, मग सत्कार. आमच्याकडे सत्काराशिवाय कुठलाच कार्यक्रम संपत नाही. सुट्टीत मुलांचे संस्कार वर्ग घेणाऱ्या एका काकांना शाल-श्रीफळ दिलं. द्यायलाच हवं, दहा दिवस पदरमोड करून घेतात ते. मग सेक्रेटरींनी माईकवरून विचारलं, “आणखी कोणी शिबिरं-बिबिरं घेतं का? हात वर करा, पुढच्या वर्षी तुमचा नंबर!” लोक हसले. मीही हसले आणि वडापाव खात राहिले.

गेली तीन वर्षं मे महिन्यात मी एका शिबिराचं स्वयंपाकघर सांभाळते. चार दिवस, चाळीस माणसं. कुठे ते सांगणार नाही, कर्जत लोकलच्या वाटेवर एवढं धरून चला. गे, लेस्बियन, ट्रान्स आणि “माझं अजून ठरलं नाहीये, मावशी” म्हणणारी, अशी अठरा ते पंचवीस वयाची मुलं येतात. दिवसभर नाटक, चित्रं, नदीवर डुंबणं, रात्री गप्पा. म्हणजे कुठल्याही शिबिरात असतं तेच. मी तिथे पोचले तीही योगायोगाने. केटररने ऐन वेळी “कसलं शिबिर?” असं विचारलं, उत्तर ऐकलं आणि त्याला एकदम दुसरी ऑर्डर आठवली. मैत्रिणीच्या मुलाने मला फोन केला. बँकेतून नुकतीच रिटायर झाले होते, घरात बसून कंटाळले होते. गेले.

तिथला मुख्य माणूस म्हणजे मास्तर. हे मी त्याला विचारून लिहितेय. “लिहा, फक्त माझा विषय बदला,” म्हणाला. तर तो गणित शिकवतो असं समजा.

पहिल्या वर्षीची पहिली रात्र. अकरा वाजले होते. मी छोले भिजत घालत होते आणि मास्तर ओट्यावर बसून बिल्ले करत होता. पुठ्ठा, स्केचपेन, गळ्यात घालायची नाडी. प्रत्येक बिल्ल्याला दोन बाजू, दोन्हीकडे वेगळं नाव. एका बाजूला मुलाने स्वतः घेतलेलं, दुसऱ्या बाजूला घरचं. मला वाटलं पुठ्ठा वाचवतोय. म्हटलं, “अरे, दोन-दोन माणसांना एक बिल्ला कसा पुरणार?” तो मान वर न करता म्हणाला, “माणूस एकच आहे मावशी. व्हिडिओ कॉलसाठी आहे.”

सकाळी कळलं. एक मुलगी माझ्या शेजारी कोथिंबीर निवडत बसली होती. “मी लवकर उठले, मी आंघोळ केली, मी सगळ्यात आधी आले,” अशी टकळी चालू. फोन वाजला. तिने ओढणी काढून माझ्या मांडीवर टाकली, बिल्ला उलटा केला आणि फोन समोर धरला. “हो आई, उठलो. नाही, आत्ताच आलो. पोहे खाल्ले.” फोन ठेवला, बिल्ला सुलटा केला, ओढणी घेतली, पुन्हा कोथिंबीर. अर्ध्या मिनिटात ‘आले’चं ‘आलो’ आणि परत ‘आले’.

नाश्त्याला उपमा होता. सवयीने तेसुद्धा खोटंच निघालं तोंडातून.

हे आठवलं की मला आजही कसंतरी होतं. त्यात मला कोणी विचारलं ना, की या लोकांना पैसे किती मिळतात, तर... (आमच्या भाच्याने विचारलंय.) काहीही मिळत नाही. उलट जातात. सगळ्यांनी आपापल्या रजा घातलेल्या असतात. एकजण ऑफिसात दर मे महिन्यात “गावी लग्न आहे” असं सांगून येतो. त्याच्या साहेबाला वाटतं याला पंचवीस-तीस चुलतभावंडं आहेत. आणि गंमत बघा. याला स्वतःला ज्याच्याशी लग्न करायचंय त्याच्याशी करता येत नाही, १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने तेवढी मान्यता द्यायला नकार दिला. पण रजेच्या अर्जावर दर वर्षी लग्न!

कोर्टाचंही त्या बिल्ल्यासारखंच झालं म्हणा. २००९ला दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, सज्ञान माणसांनी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्ला उलटा केला, गुन्हा आहे. ६ सप्टेंबर २०१८ला पुन्हा सुलटा. २०१३ला मास्तर एकोणीस वर्षांचा होता. त्या दिवशी त्याला कॉलेजात कोणाशी बोलावंसं वाटलं असेल आणि कोण होतं बोलायला, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.

“लहान मुलांच्या डोक्यात काहीतरी भरवता,” हे एक असतंच. अहो, अठराच्या आतलं कोणी घेतच नाहीत ते. कायदा आहे, घरच्यांची परवानगी लागते, आणि ती कोण देणार आहे? आता अनोळखी माणसांच्या शिबिराला पोरगी पाठवताना आईबापांना धास्ती वाटते, हे मान्य. मीही माझ्या मुलीच्या वेळी दहा प्रश्न विचारले असते.

पण मग त्या सोळा वर्षांच्या मुलाचं काय? मागच्या वर्षी त्याचा मेसेज आला, रात्री एकला. मला पण मिळेल का जागा, एवढंच. मास्तरने लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी १०९८ आणि १४४१६ हे दोन हेल्पलाइन नंबर दिले आणि खाली लिहिलं, “तू अठरा वर्षांचा झालास की ये, तुझी जागा धरून ठेवतो.” मग त्याला वाढदिवस विचारून डायरीत २०२७च्या नावाने एक पान करून तारीख लिहिली. मी कणीक मळता मळता बघत होते. मीठ दोनदा पडलं त्या दिवशी.

माझे वडील सेवा दलातले. तेराव्या वर्षी मला त्यांनी शिबिराला धाडलं तेव्हा आईने फक्त लाडूंचा डबा भरला, कोणापासून काही लपवायचं नव्हतं. तिथे आम्हाला सांगायचे, पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १९४७ साली उपोषणाला बसले होते. आम्ही काय टाळ्या पिटायचो! आणि आज नुसता हात वर करायचा होता. बाजूच्या सोसायटीतले चार लोक, सेक्रेटरी आणि एक लाऊडस्पीकर, एवढ्यांना मी घाबरले. मास्तरची नोकरी जाऊ शकते, त्या मुलीचं घर जाऊ शकतं. माझं काय जाणार होतं? पेन्शन तर कोणी बंद करणार नाही. उगाच सेक्रेटरीवर चिडले होते मी सकाळपासून, त्याने बिचाऱ्याने विचारलं तरी.

असो. येत्या गुरुवारी आम्ही निघतोय. यंदा पंचेचाळीस जण आहेत, माझं पातेलं पुरणार नाही. मुलुंड-भांडुपमध्ये कोणाकडे वीस लिटरचं असेल तर इनबॉक्स करा, रविवारी रात्री घासून परत आणून देईन. गॅसची शेगडी मिळाली आहे. बिल्ल्यांचा पुठ्ठा मी आजच घेऊन आले.

एरवी मी अशा पोस्ट फक्त मैत्रिणींना दिसतील अशा ठेवते. ही पब्लिक आहे.

वन्सं, तुम्ही वाचाल हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं मी तुम्हाला इगतपुरीला विपश्यनेला जाते म्हणून सांगतेय. “दहा दिवसांचं असतं ना गं, तू चार दिवसांत कशी परत येतेस?” असं तुम्ही दर वर्षी विचारता. मी इगतपुरीला नव्हते.