‘सगळे बुश पीयूचे टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला, चौथ्यांदा तर सख्ख्या मेहुण्याकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘स्पोर्ट्स कारवाल्यांनो, सस्पेन्शनचे रबरी बुश ही कंपनीची काटकसर आहे. खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये रबर नसतंच. सगळे काढून पीयू टाका, गाडी रुळावर धावल्यासारखी चालेल. एकदा टाकले की आयुष्यभर बघायला नको. गाडी कमी चालली असेल तर बुश नवेच असतात, हात लावू नका. कुठल्याही गॅरेजात तासाभरात बसतात, अलाइनमेंटचे पैसे वाचवा.’ (नवख्यांसाठी: चाकाला धरून ठेवणारे दांडे म्हणजे आर्म, ते गाडीला जिथे जोडलेले असतात त्या सांध्यातला लवचीक तुकडा म्हणजे बुश. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखंच पण जास्त कडक प्लॅस्टिक. आणि अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं.)

माझ्याकडे दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी आहे. सेकंड हँड नव्हे, थर्ड हँड. कोथरूडच्या सोसायटीत ती उभी असते आणि तिच्या पुढच्या आर्मचे बुश मी दोनदा बदललेत. दुसऱ्यांदा बदलावे लागले ते का, ते पुढे येईलच. पीयूशी माझं वैर नाही, एका जागी मी स्वतः बसवलंय. पण हा मेसेज वाचून कुणी सगळं रबर उपटून टाकायला निघाला असेल, तर त्यानं आधी हे वाचावं.

‘रबर म्हणजे काटकसर.’ रबरी बुश काय असतो ते आधी बघू. बाहेर एक धातूची नळी, आत दुसरी बारीक नळी, आणि दोघींच्या मधे व्हल्कनाइझ करून चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा आत काहीच घसरत नाही. रबर पिळलं जातं आणि सुटून परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, आवाज येत नाही, धूळ-चिखल आत जायला फटच नाही. नीट बघितलंत तर काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या दिसतील. त्या दिशेला बुश मऊ, आडव्या दिशेला कडक. काही बुशांत तर द्रव भरलेला असतो, ब्रेक मारताना स्टिअरिंगमध्ये येणारी थरथर तो आतल्या आत जिरवतो. कुठल्या दिशेला किती ढिलं सोडायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

आणि ‘खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये रबर नसतं’ हे तर पोर्शवाल्यांनाच जाऊन सांगा. १९७७ साली त्यांनी ९२८ आणली. वळणात असताना अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की त्या काळच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये चाकाची पुढची बाजू बाहेर वळायची आणि गाडीची शेपटी सुटायची. पोर्शच्या इंजिनिअरांनी रबर काढलं नाही. आर्मचा पुढचा सांधा असा रचला, की तेच रबर दबल्यावर चाक उलट किंचित आत वळावं. वायसाख अ‍ॅक्सल म्हणतात तो हाच. म्हणजे रबराचा दोष त्यांनी कामाला जुंपला. त्या गाडीत कुणी सरसकट कडक पीयू ठोकलं, तर पोर्शनं मेहनतीनं मिळवलेलं तेच तो पैसे देऊन घालवेल.

‘गाडी रुळावर धावेल.’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, त्यांना फरक खरंच जाणवलेला असतो. पण त्यांनी तुलना कशाशी केली? बारा वर्षं जुन्या, चिरा पडलेल्या रबराची नव्या कोऱ्या पीयूशी. कंपनीचं नवं रबर टाकून कात्रजचा जुना घाट एकदा चढून या, सुधारणेचा मोठा वाटा तिथेच मिळून जातो. वर कडक बुशाचा जो थोडा फायदा उरतो, त्याची किंमत म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खडा सीटमधून कळणं. पुण्यात ही किंमत रोज मोजावी लागते.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. काही आर्म एकाच दिशेत फिरत नाहीत. मागचे ट्रेलिंग आर्म वर-खाली होताना थोडे तिरपेही होतात. रबर तिन्ही दिशांना थोडंथोडं देतं म्हणून ते जमतं. कडक पीयू फक्त फिरू देतं, तिरपं होऊ देत नाही, मग आर्म अडकतो आणि सगळा ताण बॉडीला जिथे पकड असते तिथे जातो. रेसवाले म्हणून अशा जागी गोलाकार बेअरिंगचा सांधा वापरतात. तो सगळीकडे फिरतो, पण धुळीत-पाण्यात लवकर झिजतो आणि वाजतो. त्यांना चालतं, कारण ते तो वरचेवर बदलतात.

मग पीयू कुठे टाकावं? माझं मत विचाराल तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणात गाडी फार झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारी दांडी) ‘डी’ आकाराच्या बुशात बिनधास्त टाका. तिथे बार एका रेषेत फिरतो, बाकी काही मागत नाही. माझं पीयू तिथेच आहे. पुढच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशातही अनेक जण टाकतात, ब्रेक मारताना गाडी सरळ राहते हे खरं, फक्त कडकपणा बघून घ्या. तो शोअर ए या मापात सांगतात. रबरी बुश साधारण ५० ते ७०च्या घरात असतो. पॉवरफ्लेक्स या कंपनीचा जांभळा पीयू बुश ८०चा, काळा ९५चा. पण रंगावर जाऊ नका. दुसऱ्या एखाद्या कंपनीत काळा म्हणजे नुसतं ग्रॅफाइट मिसळलेलं, कडकपणा तोच. दुकानदाराला रंग नको, आकडा विचारा. आकडा सांगता येत नसेल तर तो माल लेथवर पीयूच्या रॉडमधून कातून काढलेला असू शकतो.

‘आयुष्यभर बघायला नको.’ मेसेजमधली सर्वांत महागात पडणारी ओळ ही. पीयू चिकटवलेलं नसतं. आतली नळी त्याच्यात घसरते, आणि घसरायचं म्हणजे वंगण आलं. ते सुकलं की प्रत्येक स्पीडब्रेकरवर जुन्या वाड्याच्या दारासारखी करकर सुरू होते. माझ्या स्टॅबिलायझर बारचंच बघा. पावसाळ्यात ताम्हिणीला दोन चकरा झाल्या, दिवाळीच्या आधी बुश उघडला तर पारदर्शक ग्रीसच्या जागी राखाडी लगदा. बोटांत चोळला तर वाळूसारखा करकरला. म्हणजे वंगण तर गेलंच होतं, वर पॉलिश पेपर फिरत होता. आता दर पावसाळ्यानंतर उघडतो, पुसतो, सिलिकॉन ग्रीस भरतो. इंजिन ऑइल किंवा चाकाचं साधं ग्रीस चालत नाही, ते टिकत नाही आणि शेजारच्या रबराला फुगवतं. (वॉशिंग सेंटरवर गाडीखाली ऑइलचा फवारा मारतात ना, त्यांनाही हात जोडून नको म्हणा. रबरी बुशांना तो विषासारखा आहे.)

आता ‘आयुष्यभर’ या शब्दाबद्दल. सिंहगड चढणाऱ्या बहुतेकांच्या घरी हे घडलेलं असतं: तीन-चार वर्षं कपाटात ठेवलेले महागडे ट्रेकिंगचे बूट बाहेर काढावेत आणि दहा पावलांत तळ भुगा होऊन पडावा. तो तळही पॉलियुरेथेनचाच असतो. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन उष्ण, दमट हवेत पाण्याशी हळूहळू विरतं, न वापरतासुद्धा. पॉलिइथर जातीचं बरंच टिकतं. चांगले बुशवाले कोणतं वापरतात ते सांगतात. न सांगणाऱ्याकडून ‘आयुष्यभर’ विकत घेऊ नये.

‘कमी चाललेल्या गाडीचे बुश नवेच.’ नाही. रबर किलोमीटरनं जितकं म्हातारं होतं तितकंच वर्षांनीही होतं. हवेतला ओझोन आणि उष्णता त्याला उभ्या उभ्या चिरा पाडतात. दहा वर्षांची, पंधरा हजार चाललेली गाडी घेताना लिफ्टवर चढवा, आर्मखाली टॉमी घालून हलकेच उचका आणि टॉर्चच्या उजेडात रबर बघा. माझ्या गाडीची चीर इतकी मोठी होती की अंगठ्याचं नख आत गेलं. टायर आतल्या कडेनं खाल्लेला असेल तर हे बघणं टाळूच नका.

‘तासाभरात बसतात.’ पहिल्या वेळी माझेही तासाभरात बसले. गॅरेज कुठलं ते सोडा. हातोडी, रबरावर ग्रीस, आणि सगळे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असतानाच आवळले. आठ महिन्यांत खटखट. बुश काढला तर नवं रबर आतल्या नळीभोवती अर्धं फाटलेलं.

चूक समजायला सोपी आहे. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, की आतली नळी त्याच कोनात जखडली जाते. गाडी खाली उतरली, आर्म वर आला, आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा कायम पिळलेलं राहिलं. त्यावर खड्डे आले की ते अजून पिळतं. म्हणून गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्यायचं. काम झालं की हबखाली (चाक ज्यावर बसतं तो भाग) जॅक लावून तेच माप येईपर्यंत उचलायचं, आणि मग टॉर्क पान्यानं शेवटचं आवळायचं. नट-बोल्ट एकदाच वापरायचे असतील तिथे नवे घ्यायचे. हे सगळं चिकटवलेल्या रबरासाठी. घसरणाऱ्या पीयूला पीळ बसत नाही, त्याचा हा एक खरा फायदा, आणि तो मेसेजमध्ये नेमका नाही.

दुसऱ्या वेळी आर्म घेऊन मी भोसरीच्या एका टर्नरकडे गेलो. त्यांनी आर्म हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, “दादा, हा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. ठोकलात तर भोक अंडाकृती होईल, मग माझ्याकडे येऊ नका.” बुशाच्या बाहेरच्या कडेवरच दाब येईल अशी एक नळी त्यांनी कातून दिली. साबणाचं पाणी लावून प्रेसवर बुश सरळ आत गेला, पोकळ्यांची दिशा जुन्या खुणेशी जुळवून. जुनं रबर गॅसनं जाळून काढायची सूचना कुणी केली तर आर्म उचलून चालू पडा, उष्णतेनं अ‍ॅल्युमिनियमची ताकद जाते.

राहिलं अलाइनमेंट. आर्म सुटला, बुश बदलला, म्हणजे चाकाचा कोन हलला. माझा मेहुणा ते पैसे वाचवून आला आणि चार महिन्यांत पुढचे दोन टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत झाले. त्या मेसेजखाली आता त्यानंच टायरचे फोटो टाकलेत.