खुलासा : देवळातल्या शपथेने आमदारकी जात नाही

‘देवासमोर घेतलेली शपथ मोडली की आमदार आपोआप अपात्र ठरतो’ असा मजकूर गोव्यात मोबाईलवरून फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

संदर्भ २०२२ चा. निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. त्यांतले दिगंबर कामत म्हणाले, देवाला विचारले, देवाने योग्य वाटेल ते कर म्हणून सांगितले. (आमच्याकडे देवाचा कौल घेतात, पण भाविकांना तो इतका सोयीचा क्वचितच मिळतो!)

मात्र अपात्रता ठरते ती संविधानाच्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, आणि निर्णय विधानसभेच्या सभापतींचा. दुसऱ्या पक्षात विलीनीकरण झाले तर अपात्रता टळते, पण त्याला पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांची संमती लागते. ११ चे दोन तृतीयांश म्हणजे किमान ८. आकडा नेमका तोच, हा योगायोग नव्हे.

कायद्याला कळते ती विधानसभेतली शपथ. तीही ईश्वरसाक्षच हवी असे नाही. गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा केली तरी चालते. महालक्ष्मीसमोरच्या शब्दाचा हिशेब मतदार मागू शकतो, सभापती नाही.