बारा वजा सात

बाजारात टोमॅटो मागण्यापुरतं फ्रेंच मला यायला लागलं होतं. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे डॉक्टरला सांगता यायचं. मग लेकीला इथे तुलूझमध्ये सरकारी शाळेत घातलं आणि कळलं, की शाळेचं फ्रेंच ही निराळीच बोली आहे आणि ती बहुतेक आद्याक्षरांतच बोलतात.

वेळापत्रक हातात आलं. सोमवार: एस-वे-ते, अ-पे-एस, मग पेर्म. शब्दकोश उघडून काही उपयोग नव्हता. एस-वे-ते म्हणजे 'जीवनाची आणि पृथ्वीची शास्त्रं'. एवढं भारदस्त नाव ऐकून मी दबकूनच होते; निघालं आपलं जीवशास्त्र, वरून थोडे ज्वालामुखी. अ-पे-एस म्हणजे पी.टी. पेर्म म्हणजे शिक्षक आले नाहीत की मुलांना एका खोलीत गप्प बसवून ठेवायचा तास. आपल्याकडेही हा ऑफ तास असतो, फक्त गप्प कुणी बसत नाही.

एका संध्याकाळी लेक सहज म्हणाली, "आज मला जेवणाच्या सुट्टीत से-दे-ई मिळालं." नवऱ्याच्या हातातला चमचा थांबला. फ्रान्समध्ये से-दे-ई म्हणजे कायमची नोकरी. ते मिळावं म्हणून हा माणूस कंत्राटामागून कंत्राटं संपवतोय. घर भाड्यानं घ्यायला गेलं तरी पहिला प्रश्न तोच, से-दे-ई आहे का? लेकीचं से-दे-ई म्हणजे शाळेची लायब्ररी. तिथे जागा मोजक्या, म्हणून मिळालं याचा तिला आनंद. बापाला आनंद झाला नाही.

नव्यानं आलेल्या, फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग असतो. त्याचं नाव यू-पे-अ-दो-आ. भाषा न येणाऱ्यांच्या वर्गाला असं नाव ठेवणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

आई-बापांसाठीही सरकारचा उपक्रम आहे. शाळेतच फुकट फ्रेंच शिकवतात आणि शाळा कशी चालते तेही समजावतात. आमच्या वर्गात अल्जीरियाच्या, तुर्कस्तानच्या, युक्रेनच्या बाया होत्या. एकमेकींशी बोलायला भाषा नव्हती, पण वह्यांची यादी आली की सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव. त्या यादीत '24 गुणिले 32, 96 पानी, मोठे चौकोन' असं लिहिलेलं असतं. मोठे चौकोन म्हणजे चौकोन नव्हेतच, उभ्या-आडव्या रेघांचं जाळं असतं: उभ्या रेघा आठ-आठ मिलिमीटरवर, आडव्या दोन-दोनवर. 1892 साली सेयेस नावाच्या एका पुस्तकविक्रेत्यानं ही आखणी काढली, आणि अख्खा देश अजून त्यातच अक्षर गिरवतोय. ऑगस्टच्या शेवटी सुपरमार्केटमध्ये त्या वह्यांपुढे आई-बापांची जी गर्दी होते, ती बघून मला गणपतीच्या आदल्या दिवशीची तुळशीबाग आठवते.

हे सगळं मी निभावलं. खरी परीक्षा रविवारी व्हिडिओ कॉलवर. सासरे वाईला असतात, निवृत्त गणित शिक्षक. त्यांना नातीची इयत्ता लागते. पहिल्या वर्षी काही अडलं नाही, कारण इथली सिझ्येम म्हणजे सहावी आणि आपली सहावी, दोन्हींत मूल अकरा वर्षांचंच. शाळेला 'कोलेज' म्हणतात हे कळल्यावर त्यांनी आळीत "नात अकराव्या वर्षी कॉलेजात" असं सांगून टाकलं, ते मी खोडलं नाही.

दुसऱ्या वर्षी पुतण्या सातवीत गेला. लेक पाचवीत.

"नापास झाली?"

"नाही अण्णा, इथे उलटं मोजतात. पास झालं की खाली."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. सहावी, पाचवी, चौथी, तिसरी. मग शाळा बदलून 'लिसे', तिथे दुसरी, पहिली आणि शेवटी तेर्मिनाल. म्हणजे पहिलीतल्या पोराला मिसरूड फुटलेलं असतं. बरं, खालच्या शाळेत आकडे तरी सरळ असावेत, तर तिथे से-पे, से-अ-एन, से-अ-दो, से-एम-एन, से-एम-दो. एम म्हणजे मधला, आणि मधल्यानंतर प्राथमिक शाळा संपते.

पुढच्या रविवारी अण्णा कागद घेऊनच बसले होते. "बारातून वजा करायचं," म्हणाले. "सातवी? बारा वजा सात, पाच. दहावी? दोन. बारावी? शून्य, तीच तुमची तेर्मिनाल. चोख आहे." माझ्या वर्गातल्या बाईंनीही हे इतकं नीट समजावलं नव्हतं. त्या दिवसापासून अण्णांचा फ्रान्सबद्दल आदर वाढला.

तो प्रगतिपुस्तकानं जरा कमी केला. गुण वीसपैकी. चौदा म्हणजे छान, इथले पालक पेढे वाटतील. अण्णांनी मनात पाचनं गुणलं आणि म्हणाले, "सत्तर? क्लास लावा." खाली शिक्षकांचा शेरा होता: मन लावून काम करते, पण वर्गात फार गप्प असते. चाळीस वर्षं "बोलू नका रे" हेच सांगत आलेल्या माणसाला हा शेरा मी तीनदा वाचून दाखवला.

"वर्गात गप्प बसते, अशी तक्रार आहे?"

"हो."

"शिक्षकाची?"

मग विषय बदलावा म्हणून मी शून्यानंतर काय होतं ते सांगितलं. तेर्मिनालच्या शेवटी 'बाक' द्यायची. नेपोलियननं 1808 साली काढलेली परीक्षा, तत्त्वज्ञानाचा एकच पेपर चार तासांचा. त्यापुढचं शिक्षण बाकपासून मोजतात: बाक अधिक दोन, बाक अधिक तीन, बाक अधिक पाच. नोकरीच्या जाहिरातीतही तसंच लिहितात.

"म्हणजे शून्यापर्यंत उतरायचं आणि मग अधिककडे जायचं," अण्णा उत्साहात म्हणाले. "संख्यारेषा आहे ही!" आणि त्यांनी लगेच घरातल्यांना रेषेवर बसवायला घेतलं. इंजिनिअर मुलगा बाक अधिक चार. मी एम.ए., बाक अधिक पाच, म्हणजे नवऱ्याच्या पुढे. हे त्यांनी दोनदा तपासलं.

आई मागे शेंगा सोलत होत्या. "आणि मी?"

"तू सातवी पास. फ्रान्समध्ये पाचवी."

"अगं बाई, म्हणजे मी आणि ती एकाच बाकावर!" आईंनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि फोन अण्णांच्या हातातून काढून घेतला. "सूनबाई, तिला म्हणावं गृहपाठाचं काय अडलं तर मला विचार. आणि शिक्षकांना सांग, दोघींतली एक तरी बोलकी आहे."