पहिल्या कस्टम लूपबाबत आपण दिलेल्या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण दुकानाला एकच तारा देऊन लिहिले आहे की, कस्टम लूपसाठी, म्हणजे संगणक पाणी फिरवून थंड ठेवणाऱ्या, सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रणेसाठी, रोख पैसे घेऊन सिन्नरहून आलो असतानाही दुकानदाराने सामान दिले नाही, उलट प्रश्नांची सरबत्ती केली, स्वतः आणलेला रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) बसवायला नकार दिला, हार्ड ट्यूब (कडक प्लास्टिकची नळी) मागितली तर साधी, लवचीक ट्यूब गळ्यात मारू पाहिली आणि लूपमध्ये काय कशाच्या पुढे जोडावे हेही त्याला ठाऊक नाही. एवढ्या लांबून येऊन रिकाम्या हाताने परत जावे लागल्याचा आपला त्रास मला समजतो. तरीही नकार विचारपूर्वक दिलेला होता आणि त्याची कारणे मी येथे सविस्तर मांडतो, कारण नाशिकमध्ये पहिलाच लूप बांधू पाहणाऱ्या इतरांनाही ती उपयोगी पडावीत.

आधी रेडिएटर. आपण आणलेला रेडिएटर ॲल्युमिनियमचा होता आणि आपल्याला हवा असलेला प्रोसेसरचा ब्लॉक (प्रोसेसरवर टेकणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. हे धातू एकाच पाण्यात आले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. पाण्यात गंजरोधक घातले तर ही क्रिया मंदावते, पण थांबत नाही. झिजलेल्या धातूचा पांढरट गाळ पाण्याबरोबर फिरत राहतो आणि ब्लॉकच्या आतल्या तांब्याच्या पात्यांमध्ये जाऊन बसतो. या पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे ती बुजायला फारसा गाळ लागत नाही. सुरुवातीचे काही महिने सगळे सुरळीत दिसते, मग प्रोसेसरचे तापमान हळूहळू चढू लागते आणि ब्लॉक उघडेपर्यंत कारण लक्षात येत नाही. संपूर्ण लूप ॲल्युमिनियमचा असेल तर हरकत नाही, पण मग ब्लॉकही त्याच धातूचा घ्यावा लागतो. आपला रेडिएटर वाईट आहे असे मी म्हटले नव्हते. तो या ब्लॉकसोबत चालणार नाही, असे म्हटले होते, आणि त्यावर मी आजही ठाम आहे.

आता प्रश्नांच्या सरबत्तीविषयी. आपण ग्राफिक्स कार्डाचे नाव केवळ ‘आरटीएक्स ४०७०’ असे सांगितले. या नावाची कार्डे अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांचे सर्किट बोर्ड एकसारखे नसतात. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येही फरक असतो. कार्डाचा ब्लॉक मुख्य चिपबरोबरच मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागांवरही नेमका टेकावा लागतो. मध्ये एखादा उंच कॅपॅसिटर आला तर ब्लॉक बसत नाही, आणि तरीही स्क्रू आवळले तर चिपचा कोपरा उडू शकतो. म्हणून कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक हाती आल्याशिवाय मी कोणाचाही ब्लॉक मागवत नाही. असा ब्लॉक उघडून पाहिल्यावर परत घेतला जात नाही आणि तो खर्च शेवटी ग्राहकाच्याच अंगावर पडतो.

कॅबिनेटचे माप मागण्याचे कारणही असेच आहे. साधारण ३० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि त्याखाली २५ मिलिमीटरचा पंखा असे ५५ मिलिमीटर वरच्या बाजूला मोकळे हवेत, शिवाय उंच रॅम किंवा मदरबोर्डवरचा हीटसिंक आडवा येता कामा नये. आपल्या कार्डाची उष्णता २०० वॅट आणि प्रोसेसरची, पूर्ण भार असताना, १५० वॅटच्या आसपास धरली, तर ३५० वॅट बाहेर काढावे लागतात. पंखे शांत चालवायचे असतील तर रेडिएटरच्या १२० मिलिमीटरच्या, म्हणजे एका पंख्याच्या, भागामागे १०० वॅट, हा व्यवहारातला ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार एकटा ३६० चा, म्हणजे तीन पंख्यांचा, रेडिएटर अपुरा पडतो आणि सोबत २४० चा, म्हणजे दोन पंख्यांचा, घेणे इष्ट ठरते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. एसी नसलेल्या खोलीत तेव्हा ३५ अंश सहज असतात, आणि लूपमधले पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, पूर्ण भार असताना ते साधारण १० अंश वरच राहते. थंडीत पुरेसा वाटणारा रेडिएटर उन्हाळ्यात कमी पडतो तो यामुळे, म्हणून मी हिशेब मे महिन्याचा धरतो.

लूपच्या क्रमाबद्दल आपण लिहिले आहे की, प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामध्ये रेडिएटर असायलाच हवा. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर २०० वॅटचे कार्ड ओलांडताना ते एक अंशानेही तापत नाही. पाणी सतत फिरत असल्याने थोड्याच वेळात सगळीकडे जवळपास एकच तापमान होते. त्यामुळे ट्यूब कमी वळणांची आणि आखूड राहील असा क्रम घ्यावा. सांभाळण्याची गोष्ट एकच आहे: टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा उंचावर हवी. पंपाच्या बेअरिंगला पाण्याचेच वंगण असते, त्यामुळे कोरडा चाललेला पंप खराब होतो.

हार्ड ट्यूब दिसायला सुंदर असते, यात वाद नाही. तिला आतून सिलिकॉनची दोरी घालून हीट गनने वाकवावे लागते आणि कापलेल्या टोकाची धार नीट घासावी लागते, नाहीतर ती फिटिंगमधली रबरी रिंग चिरते आणि तिथूनच गळती सुरू होते. पहिल्या लूपसाठी मी १० बाय १६ ची (आतून १०, बाहेरून १६ मिलिमीटर) काळी ईपीडीएम, म्हणजे कृत्रिम रबराची, ट्यूब सुचवली, कारण ती सहजासहजी दुमडत नाही, तिच्यातून पाण्यात काही उतरत नाही आणि कापताना चूक झाली तर थोडे जास्त कापून पुन्हा जोडता येते. शिवाय ती स्वस्त आहे, त्यामुळे ती विकण्यात माझा वेगळा फायदा नव्हता. दुधाळ हिरव्या द्रवाचीही आपली मागणी होती. त्यातले रंगाचे कण कालांतराने खाली बसतात आणि पुन्हा ब्लॉकच्या त्याच फटींमध्ये अडकतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये जंतुनाशक आणि गंजरोधक घालून वर्षातून एकदा ते बदलणे पुरेसे आहे. नळाचे किंवा बोअरचे पाणी मात्र कदापि वापरू नये.

पाणी काढण्याची तोटी सर्वांत खालच्या जागी हवी, हे मी कागदावर लिहून दिले होते, आणि ते आपल्याला सर्वाधिक अनावश्यक वाटले. तोटी नसेल तर पुढे एखादा रॅम बदलायचा म्हटले तरी उघड्या मदरबोर्डवर ट्यूब सोडवावी लागते. कार्डाचा कूलर काढण्यापूर्वी त्या कंपनीच्या वॉरंटीच्या अटी वाचाव्यात, हेही त्याच कागदावर आहे.

लूपच्या आराखड्याचे शुल्क आपण सामान येथून घेतल्यास बिलातून वजा होते. सामान अन्यत्र घेतले तरी आराखडा आपलाच राहतो. पुन्हा खेप पडू नये म्हणून कार्डाच्या मागच्या स्टिकरचा, रॅमचा आणि कॅबिनेटच्या आतल्या वरच्या बाजूचा मोजपट्टी धरून काढलेला असे तीन फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवावेत. त्यावरून सुधारित यादी मी पाठवतो. जोडणी झाल्यावर फक्त पंप सुरू ठेवून, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर घालून गळतीची चाचणी करावी लागते, तेव्हा यंत्र एक रात्र दुकानात ठेवण्याच्या तयारीने यावे.

आपला,
दुकानमालक, कॉलेज रोड, नाशिक